कंप्युटर शिकवताय तर फाइल सेव्ह करायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कंप्युटर आणि मोबाईलबद्दल जे काही येतं ते मी आवर्जून वाचतो, एआयवरचे लेख, नवीन मोबाईल, ऑनलाइन फसवणुकीपासून सावध कसं राहायचं वगैरे, आणि ते यायलाच पाहिजे. पण एक गोष्ट कधीच येत नाही आणि ती म्हणजे साधी फाइल. ती सेव्ह कुठे करायची, नाव काय द्यायचं, फोल्डर कसे करायचे आणि नंतर पटकन कशी काढायची. हे इतकं प्राथमिक आहे की सगळ्यांना येतच असेल असं धरून चालतात, आणि माझा अनुभव असा की ते फार थोड्यांना येतं. मी टायपिंग आणि डीटीपीच्या, म्हणजे कंप्युटरवर छपाईची पानं लावायच्या, कामात आहे, दिवसभर लोकांच्या फाइल्सशीच संबंध, आणि वर्षानुवर्षं कंप्युटरवर बसणारी, एक्सेलमध्ये भलेमोठे फॉर्म्युले लावणारी माणसंसुद्धा "अहो कालच सेव्ह केली होती, आता दिसतच नाहीये" असं म्हणत येतात. त्यांना कोणी शिकवलंच नाही, म्हणून हे पत्र.

ती फाइल बहुतेक वेळा गेलेली नसतेच. डाउनलोड्समध्ये पडलेली असते, किंवा मेलमधली अटॅचमेंट थेट उघडून त्यातच बदल करून सेव्ह दाबलेलं असतं आणि मेलचा प्रोग्राम अशी फाइल कुठल्यातरी लपलेल्या टेम्पररी फोल्डरमध्ये ठेवतो जिथे माणूस आपणहून कधी जाणारच नाही. किंवा कंप्युटरवर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स ठेवायची सोय) चालू असतं आणि त्यामुळे डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर झालेले असतात, एक वनड्राइव्हमधला आणि एक सी ड्राइव्हवरचा जुना, माणूस शोधतोय एकात आणि फाइल दुसऱ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अशा वेळी आधी वर्ड किंवा एक्सेल उघडून त्यातली रिसेंटची यादी बघावी, तिथे फाइलच्या नावाखाली ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही बारीक अक्षरात दिसतं आणि राइट क्लिक केलं की फाइलची जागा उघडायचा पर्याय मिळतो. कितीतरी लोकांना हे माहीत नाही आणि ते अख्खी फाइल पुन्हा टाइप करायला बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मुळात हे होऊच नये म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन, डाउनलोड करताना प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारायचं, असा जो पर्याय आहे तो चालू करून टाकावा. क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, एजमध्येही आहे, बहुतेकांचा तो बंद असतो. चालू केला की दर वेळी एक खिडकी उघडते, कुठे ठेवू आणि नाव काय देऊ. लोकांना ती कटकट वाटते, पण मला विचाराल तर नाव द्यायची खरी वेळ तीच, कारण ही फाइल काय आहे, कोणाची आहे, कशासाठी घेतली हे त्या क्षणी तुम्हाला पक्कं माहीत असतं आणि महिन्याभराने त्यातलं काही आठवत नाही.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं की एवढं कशाला, सर्च आहे ना, शब्द टाकला की येईल. नव्या मुलांकडून तर हमखास येतं कारण ती मोबाईलवर वाढली आहेत आणि मोबाईलमध्ये फोल्डर सहसा समोर येतच नाही, ॲप उघडायचं आणि खाली सरकवत जायचं. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सर्च नेमकं काय करतं हे कळलं तर त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. विंडोज दर वेळी अख्खी डिस्क चाळत बसत नाही, ते आधीच एक इंडेक्स करून ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते ना तशी, आणि आपण शब्द टाकला की त्या सूचीत बघतं. इथपर्यंत छान आहे. पण विंडोजच्या मूळ सेटिंगला, ज्याला तिथे क्लासिक म्हटलंय, हा इंडेक्स फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचाच होतो. आणि बऱ्याच जणांची सवय अशी की विंडोज उडालं तर डेटा जाऊ नये म्हणून सगळं काम डी ड्राइव्हवर ठेवायचं. ठेवा, पण मग डी ड्राइव्ह त्या इंडेक्समध्ये नसतो, सर्च एकेक फोल्डर उघडून बघत जातं, वरची हिरवी पट्टी सावकाश सरकत राहते आणि माणूस वैतागून बंद करतो. त्यात आणखी एक, इंडेक्स नसलेल्या जागी विंडोज मूळ सेटिंगप्रमाणे फक्त फाइलचं नाव बघतं, आतला मजकूर बघत नाही. म्हणजे पत्रात कोणाचं तरी नाव आहे हे तुम्हाला आठवतंय, तुम्ही ते नाव सर्चमध्ये टाकलं, पत्र डी ड्राइव्हवर आहे आणि फाइलचं नाव आहे डॉक्युमेंट१, तर उत्तर येणार की काही सापडलं नाही. फाइल आहे, मजकूर आहे, आणि तरी नाही सापडली. सेटिंगमधल्या सर्चच्या भागात जाऊन क्लासिकचं एनहान्स्ड केलं किंवा आपला कामाचा फोल्डर इंडेक्समध्ये जोडून दिला की हा प्रश्न बराच सुटतो, पहिल्यांदा इंडेक्स तयार व्हायला वेळ लागतो तेवढा द्यावा आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवावा.

विंडोजच्याच सर्चवर अडून राहायचंही कारण नाही. एव्हरीथिंग नावाचा एक छोटासा फुकट प्रोग्राम आहे, डीटीपीवाल्यांमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे पण बाहेर फारसा नाही. विंडोजच्या एनटीएफएस प्रकारच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मास्टर फाइल टेबलमध्ये असते, हा प्रोग्राम फोल्डर उघडत न बसता थेट तेच टेबल वाचतो, त्यामुळे लाखभर फाइल्सची यादी काही सेकंदांत तयार होते आणि तुम्ही एकेक अक्षर टाइप कराल तशी यादी समोर कमी कमी होत जाते. मॅक वापरणाऱ्यांना २००५ पासून स्पॉटलाइट मिळालेलं आहे, कमांड आणि स्पेस दाबलं की झालं, आणि लिनक्सवाले लोकेट नावाचा प्रोग्राम वापरतात, तोही आधी करून ठेवलेल्या यादीतूनच शोधतो, तर तिथलंच फाइंड प्रत्यक्ष डिस्क बघत जातं म्हणून हळू पण ताजं. आता यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की एव्हरीथिंग काय आणि लोकेट काय, हे जे सगळ्यात झटपट आहेत ते मुळात फाइलचं नाव बघतात. म्हणजे गाडी पुन्हा नावावरच आली. तुम्ही नावात जे लिहिलंय तेच शोधता येणार, जे लिहिलंच नाही ते जगातला कुठलाही प्रोग्राम नावातून काढू शकणार नाही.

आणि नावं काय असतात ते बघा. कोणाचाही डाउनलोड्स फोल्डर उघडा. स्कॅन०००१, त्याच्याखाली स्कॅन०००१ कंसात १, मग डॉक्युमेंट१, मग न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट, मग आयएमजी आणि पुढे आकड्यांची माळ, मग व्हॉट्सॲप इमेज आणि तारीख-वेळ, आणि अधूनमधून नुसतंच पीडीएफ नावाची पीडीएफ. यातली एक जमिनीच्या कागदाची, एक परीक्षेच्या गुणपत्रिकेची, एक डॉक्टरांच्या रिपोर्टची, आणि नावावरून तिन्ही सारख्याच. एकेक उघडून बघण्याशिवाय इलाज नाही. एकेकाळी याला सबब तरी होती, डॉसच्या काळात नावाला फक्त ८ अक्षरं आणि पुढे ३ अक्षरांचं एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारं शेपूट), तेवढ्यात काय मावणार, लोक वहीत लिहून ठेवायचे की अमुक नाव म्हणजे तमुक पत्र. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि २५५ अक्षरांपर्यंत नाव देता यायला लागलं. त्याला आता तीसहून जास्त वर्षं होत आली तरी आपण डॉक१ वरच आहोत.

नाव कसं द्यावं याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत असतो. आधी तारीख, पण उलटी, म्हणजे वर्ष, मग महिना, मग दिवस. नंतर विषय, नंतर कोणाचं किंवा कोणासाठी, आणि गरज असेल तर मसुदा की सही झालेलं. उदाहरणार्थ २०२५-०३-१४ इतिवृत्त कार्यकारिणी सहीसह. तारीख अशी उलटी लिहायची पद्धत माझी नाही, आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे आणि त्यात हीच पद्धत आहे. याचा फायदा असा की कंप्युटर नावं अक्षरांच्या क्रमाने लावतो आणि तारीख उलटी असली की तोच क्रम आपोआप तारखेचा क्रम होतो, वेगळं काही करावं लागत नाही. १४-०३-२०२५ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांच्या १४ तारखा एका जागी गोळा होतात, त्याचा काही उपयोग नाही. महिना आणि दिवस दोन आकडीच लिहायचे, मार्च म्हणजे ०३, नाहीतर बऱ्याच ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो, विंडोजचा एक्स्प्लोरर ते सांभाळून घेतो पण तीच फाइल पेनड्राइव्हमधून दुसरीकडे नेली की क्रम बिघडतो. तारखेत तिरकी रेघ देऊ नका, विंडोज ती नावात घेतच नाही, प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविरामही घेत नाही, साधी आडवी रेघ चालते.

काही जण म्हणतात की फाइलला तारीख असतेच की, नावात परत कशाला. असते, पण ती कागदाची तारीख नसते, फाइलची असते. जुनी फाइल विंडोजमध्ये दुसऱ्या जागी कॉपी केली की तयार झाल्याची तारीख आजची होते आणि बदलल्याची तारीख जुनीच राहते, म्हणजे फाइल जन्माच्या आधीच बदललेली दिसते. एखादा जुना कागद आज स्कॅन केला तर फाइलवर आजची तारीख. कोणीतरी उघडून चुकून एक स्पेस मारून सेव्ह केलं तर पुन्हा आजची. त्या तारखेवर विसंबून कोर्टाचा, बँकेचा, शाळेचा कुठलाच कागद शोधायला जाऊ नये, नावात लिहिलेली तारीख मात्र कोणी मुद्दाम बदलल्याशिवाय बदलत नाही.

फायनल या शब्दाबद्दल मला वेगळं लिहायचंय. फायनल, फायनल न्यू, फायनल करेक्टेड, फायनल लास्ट, आणि मग छापायला कुठली द्यायची. चुकीची फायनल छापून झाल्यावर सगळा कागद रद्दीत गेलेला मी पाहिलाय, आणि त्यात चूक कोणाची हे ठरवता येत नाही कारण चारही फाइल्स फायनलच असतात. नावाच्या शेवटी व्ही०१, व्ही०२ असं लिहीत जावं, मोठा आकडा तो ताजा, बस. आणि जुन्या आवृत्त्या त्याच फोल्डरमध्ये जुने नावाचा एक फोल्डर करून त्यात टाकाव्यात म्हणजे समोर एकच राहते.

नाव बदलायला लोक कंटाळतात त्याचं एक कारण म्हणजे राइट क्लिक, मग रिनेम, मग सगळं खोडा असं ते करतात. विंडोजमध्ये फाइल सिलेक्ट करून एफ२ दाबलं की फक्त नावाचा भाग निवडला जातो, एक्स्टेन्शन सोडून, थेट टाइप करायचं, आणि एंटरऐवजी टॅब दाबलं की पुढच्या फाइलचं नाव बदलायला उघडतं. पन्नास स्कॅनची नावं अशी बसल्या बसल्या होतात. सगळ्यांना एकच नाव आणि पुढे क्रमांक हवा असेल तर सगळ्या निवडून एफ२, नाव टाइप करून एंटर. चुकलं तर कंट्रोल झेड. नवीन फोल्डरला कंट्रोल, शिफ्ट आणि एन. एक्स्प्लोरर उघडायला विंडोजचं बटण आणि ई. एवढंच रोज लागतं, बाकीचे शॉर्टकट पाठ नसले तरी अडत नाही.

फोल्डरबद्दल दोन टोकाचे लोक भेटतात. एकांचं सगळं डेस्कटॉपवर, आयकॉनवर आयकॉन चढलेले, मागचं चित्रही दिसत नाही. दुसऱ्यांचे फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आठ-दहा पायऱ्या उतरल्यावर एक फाइल. दोन्हीचा त्रास होतो. खोल फोल्डरचा तर तांत्रिक त्रासही आहे, विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, नव्या विंडोजमध्ये ती उठवता येते पण बरेच प्रोग्राम अजून तीच धरून चालतात, आणि मग कॉपी करताना एक फाइल मागे राहते किंवा उघडतच नाही आणि कारण कळत नाही. माझ्या मते तीन, फार तर चार पायऱ्या पुरतात.

आणि फोल्डर कामाप्रमाणे करावेत, फाइलच्या प्रकाराप्रमाणे करू नयेत. पीडीएफ नावाचा एक फोल्डर, वर्ड नावाचा एक, एक्सेल नावाचा एक, हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि दिसायला ते नीटनेटकं दिसतं, पण एकाच कामाचं पत्र एकीकडे, हिशोब दुसरीकडे आणि सही केलेली प्रत तिसरीकडे जाते. प्रकाराप्रमाणे लावून दाखवायचं काम कंप्युटर एका क्लिकमध्ये करतो, त्यासाठी आपण फोल्डर खर्च करायची गरज नाही. हे पत्र अमुक कामाचं आहे हे मात्र त्याला माहीत नसतं, तेवढं आपणच सांगायचं असतं. एकच फाइल दोन कामांना लागत असेल तर दोन कॉपी करू नयेत, एका ठिकाणी फाइल आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा शॉर्टकट, नाहीतर एका कॉपीत दुरुस्ती होते आणि दुसरी तशीच राहते. इतर, मिसलेनियस, नवीन फोल्डर २ असले फोल्डर महिन्यातून एकदा रिकामे करावेत. रोज लागणारे फोल्डर एक्स्प्लोररच्या डाव्या बाजूला क्विक ॲक्सेसमध्ये पिन करून ठेवावेत.

सर्च इतकं चांगलं झाल्यावर फोल्डर हवेतच कशाला हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं मला पटलेलं उत्तर मेंदूकडून येतं. २०१५ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना फोल्डर उघडत उघडत फाइलपर्यंत जायला लावलं आणि शब्द टाकूनही शोधायला लावलं आणि तेव्हा मेंदूचं स्कॅनिंग केलं. फोल्डरमधून जाताना मेंदूचे जे भाग चालले ते आपण प्रत्यक्ष रस्त्याने वाट काढत जातो तेव्हाच्या भागांसारखे, आणि शब्द टाकून शोधताना भाषेशी संबंधित भाग. म्हणजे फोनवर बोलता बोलता सवयीच्या फोल्डरमधून फाइल काढता येते कारण बोलणं आणि वाट काढणं एकमेकांच्या आड येत नाही, पण बोलता बोलता सर्चसाठी नेमका शब्द आठवायला गेलं की अडखळायला होतं. हे ज्याने रोज फाइल्स काढल्यात त्याला वाचल्याबरोबर पटेल. म्हणून दोन्ही लागतं, रोजच्या फाइल्सना फोल्डर आणि वर्षापूर्वीच्या फाइल्सना सर्च.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी जे लिहायचंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण याबद्दल कुठेच वाचायला मिळत नाही. मराठीत नाव देऊन ठेवलेली फाइल मराठीतच शब्द टाकून सापडत नाही असं अनेकांना होतं आणि मग ते म्हणतात की मराठी कंप्युटरवर चालत नाही. चालतं, अगदी नीट चालतं, पण एकच अक्षर दोन तऱ्हेने टाइप होतं आणि डोळ्याला ते सारखंच दिसतं. ॲडमिशनमधला ॲ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक २००८ साली मिळाला, त्याआधी सगळे अ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे आणि अजूनही काही किबोर्ड तसंच करतात. तुमच्या ऑफिसच्या कंप्युटरवर एक तऱ्हा, घरच्या मोबाईलवर दुसरी, आणि कंप्युटरच्या हिशेबी ते दोन वेगळे शब्द. तसंच कर्मचाऱ्यांची यादी यातलं ऱ्य. काही किबोर्ड त्यासाठी खालून टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एक. अशा वेळी सर्चमध्ये पूर्ण शब्द टाकायच्या ऐवजी ज्यात असं अक्षर नाही तेवढाच भाग टाकावा, नुसतं कर्मचा टाकलं तरी यादी येते. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, मिटींग आणि मीटिंग हे सर्चसाठी वेगळे. एका ऑफिसात एका शब्दाचं एकच रूप ठरवून घ्यावं, बरोबर कुठलं यावर वाद घालायचा असेल तर घालावा पण ठरवावं. आकड्यांचंही ठरवावं, इथे पेपरात आकडे देवनागरीत छापले जातील पण कंप्युटरवर तारखेसाठी मी इंग्रजी आकडेच वापरतो, कारण काही प्रोग्राम मराठी २ आणि इंग्रजी दोन एकच धरतात आणि काही धरत नाहीत.

मराठी नाव फार लांबही करू नये. लिनक्सवर आणि बऱ्याच सर्व्हरवर नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप) असते, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. पत्राचा अख्खा विषय नावात लिहिणाऱ्यांची फाइल अपलोड होताना अडकते ती कधीकधी यामुळे. जुन्या झिप प्रोग्राममध्ये मराठी नावांची चित्रविचित्र अक्षरं होतात तेव्हा घाबरून फाइल डिलीट करू नये, आतला मजकूर बहुधा शाबूत असतो, नव्या प्रोग्रामने उघडून बघावी.

याहून मोठा प्रश्न जुन्या फाँटमधल्या फाइल्सचा आहे. युनिकोड सर्रास वापरात यायच्या आधी जे काम झालं, पेजमेकरमधली पुस्तकं, अंक, संस्थांचे अहवाल, ते कृतिदेवसारख्या फाँटमध्ये झालं. त्या फाइलमध्ये खरं म्हणजे मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फाँट त्यांना मराठीचा आकार देतो. फाँट काढला की मागे निरर्थक अक्षरं राहतात. त्यामुळे आज युनिकोडमध्ये कुठलाही मराठी शब्द टाकून शोधा, त्या फाइलमधलं एक अक्षर सापडणार नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, जोडाक्षरं तपासावी लागतात, कष्टाचं काम आहे. जमेल तेव्हा जमेल, पण तोपर्यंत निदान त्या फाइलचं नाव तरी युनिकोडमध्ये नीट लिहून ठेवा, लेखक, विषय, वर्ष, आणि कुठल्या फाँटमध्ये आहे ते. एवढं केलं तरी ती फाइल पुढच्या माणसासाठी जिवंत राहते. अशा सीडी आणि हार्डडिस्क अनेकांच्या कपाटात आहेत आणि त्यातल्या फाइल्सची नावं ज्याला कळतात असा एखादाच माणूस असतो.

स्कॅनचंही थोडक्यात सांगतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटो, त्यात शब्द नसतात, म्हणून सर्चला काही मिळत नाही. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं कंप्युटरकडून ओळखून घेणं, केलं तर शब्द मिळतात, टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्राम मराठीही वाचतो, छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी वाचतो. पण ज्यांच्याकडे तो वेळ नाही त्यांनी स्कॅन झाल्या झाल्या नाव द्यावं, स्कॅनरसमोरून उठायच्या आधी.

हे सगळं एकट्याच्या कंप्युटरवर असतं तोपर्यंत त्रास ज्याचा त्याला होतो. पण ऑफिसात, संस्थेत, सोसायटीत सामायिक फोल्डर असतो आणि तो सांभाळणारा माणूस एक दिवस बदलून जातो, निवृत्त होतो, आजारी पडतो. मग त्याच्या जागी आलेला माणूस दिवसभर फाइल्स उघडून बघत बसतो आणि बाहेर ज्याचं काम अडलंय तो खुर्चीवर बसून राहतो. मी ती खुर्चीवर बसलेली माणसं पाहिली आहेत, म्हातारी माणसं, एका दाखल्यासाठी दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा आलेली, आणि दाखला त्याच कंप्युटरमध्ये कुठेतरी स्कॅन०००१ नावाने पडलेला. याला तंत्रज्ञानाची अडचण म्हणता येणार नाही. प्रत्येक सामायिक फोल्डरमध्ये सगळ्यात वर, नावाच्या आधी ०० लावून, एक साधी टेक्स्ट फाइल ठेवावी आणि त्यात दहा ओळींत लिहावं की इथे नावं कशी द्यायची, कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे आणि जुनं कुठे जातं. नवीन माणसाला तीच पहिल्यांदा दिसते.

कंप्युटर शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की वर्डमधल्या रंगीत अक्षरांच्या आधी सेव्ह ॲजची खिडकी शिकवा, डावीकडची जागांची यादी, वरचा पत्ता, खालचं नाव, प्रत्येक गोष्ट बोट ठेवून. फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल असं सेटिंग करून द्या, एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये आहे ते, कारण ते दिसलं की पीडीएफचं नाव लावून आलेली ईएक्सई फाइल, म्हणजे खरं तर उघडताच चालू होणारा प्रोग्राम, ओळखता येते आणि तिथे फसणारे लोकही वाचतात. परीक्षेत निबंध टाइप करून घेता तसं एक फोल्डर द्या, अस्ताव्यस्त, शे-दीडशे फाइल्सचा, आणि म्हणा की याला नावं द्या, लावा, आणि मी सांगतो ती फाइल काढून दाखवा. हे ज्याला येईल तो कुठल्याही ऑफिसात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. रविवारच्या पुरवणीत तंत्रज्ञानासाठी जी जागा असते त्यात महिन्यातून एकदा तरी असं प्राथमिक काहीतरी द्यावं, एकच गोष्ट, चित्रासकट, कोणीही कापून कंप्युटरशेजारी चिकटवू शकेल अशी. आणि दुसरी थेट आपल्या ई-पेपरबद्दल. त्यातलं पान किंवा बातमीचं कात्रण डाउनलोड केलं की फाइलचं नाव म्हणून नुसती आकड्यांची लांबलचक ओळ येते, पेपरचं नाव नाही, तारीख नाही, आवृत्ती नाही, पान नाही. अभ्यासासाठी कात्रणं जमवणारे विद्यार्थी, शिक्षक, माझ्यासारखे वाचक दर वेळी ते हाताने बदलतात किंवा बदलायचं राहून जातं आणि कात्रण असून नसल्यासारखं होतं. तारीख उलटी, मग पेपरचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक, असं नाव फाइलला आपोआप मिळेल अशी सोय आपल्या तांत्रिक विभागाला सहज करता येईल. ती झाली तर कृपया पेपरात दोन ओळी छापून कळवावं, म्हणजे जुनी कात्रणंही आम्ही त्याच पद्धतीने लावून घेऊ.

आपला,
एक नियमित वाचक